पाच फूट अकरा आणि एक टॉवेल-टोपी

मी रुपचंद. पहूरचा. कापूस लावतो. मी कमी बोलतो असं माझं म्हणणं. बायको म्हणते, गावात विचारा. आता जे सांगतो त्यात माझी थोडी चूक आहे. थोडीच. बाकीची जळगावकरांनी आणि धुळेकरांनी आपसात वाटून घ्यावी.

माझी पोरगी दिपमाला. दहावीपर्यंत शाळेच्या प्रार्थनेत ही पहिल्या नंबरला उभी राहायची, कारण रांग उंचीप्रमाणे लागते आणि सगळ्यांत बुटकी हीच. मी तिला हाकच 'ए बुटके' अशी मारायचो. अकरावीला काय झालं देव जाणे! दर दोन महिन्यांनी सलवारीची दुमड सोडायची, शेवटी सोडायला दुमडच उरली नाही. बारावीची परीक्षा संपली तेव्हा पोरगी पाच फूट अकरा इंच. मी पाच-सहा, आणि माझी बायको भागाबाई पाचालाही पोचत नाही. आळीतल्या बायका तिला विचारायच्या, "काय खाऊ घालते वं पोरीले?" ती म्हणायची, "तुम्ही खातात तेच. ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकर."

मला मात्र घोर लागला नवरदेवाचा. चोपड्याचं एक स्थळ आलं. पोहे झाले, पोरगी उभी राहिली, आणि मुलगा शेजारी उभा राहायला उठला तर त्याच्या आईनं त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. गेले ते गेले. मग भुसावळचं स्थळ निघालं, मुलगा सहा फूट एक. म्हटलं, देवानं मापून पाठवला! मी निरोप दिला की पेरणी आटोपली की सुपारी फोडू. पोरीला विचारलं नाही. तिनं ताट उचललं आणि ती आत गेली.

आता बास्केटबॉलचं सांगतो. हे खूळ सहावीपासूनचं. शाळेमागं एका खांबाला रिंग होती, जाळी नसलेली, तिथं खेळायची. घरीही एक चेंडू आणला होता कुठून तरी, आणि अंगणात धप् धप्, धप् धप्. माणसानं दुपारी जरा पाठ टेकावी की नाही? ती आठवीत असताना एका दुपारी माझं टाळकं सटकलं. चेंडू हिसकावला, कपाशीच्या खोलीत टाकला आणि कुलूप लावलं. मग शाळेत काय खेळायची ते खेळायची. मी कधी बघायला गेलो नाही.

बारावीच्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला ती राखीव म्हणून गेली. कोणाचा तरी पाय मुरगळला, ही शेवटची आठ मिनिटं खेळली, आणि पेपरात पाच मुलींचा फोटो आला. चार मुली फोटोत मावल्या होत्या. आमचीचं कपाळ वर कापलं गेलं होतं.

त्या कापलेल्या कपाळानं सगळं रामायण घडलं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि जळगावच्या एका कॉलेजची पांढरी गाडी दारात उभी राहिली. क्रीडा विभागाचे प्रमुख हितेंद्र सर, एक कारकून, आणि एक गृहस्थ नुसतेच मान हलवायला. सरांनी पाणी पिण्याआधी खिशातून टेप काढला.

"दारात उभी राहा बेटा. हं. पाच अकरा! लिहा. परत मापा. पाच अकराच! आता हात लांब कर. चार पावलं चाल. नाना, हिचे मामा किती उंच?"

अहो, चोपड्याच्या पाहुण्यांनी इतकं विचारलं नव्हतं! मग सरांनी यादी सांगितली. फी माफ, होस्टेल माफ, बूट कॉलेजचे, रोज दोन अंडी. भागाबाई आतून म्हणाली, "आमच्यात अंडं चालत नाही." सर म्हणाले, "मग दोन केळी!" माणूस तयारीचा होता.

तेवढ्यात दिपमालानं तोंड उघडलं. "सर, सराव किती वाजता असतो? शिकवणार कोण?"

"पोरगी हुशार आहे!" असं म्हणून सरांनी शेवेची मूठ भरली. उत्तर कोणी दिलं नाही. मीही म्हटलं, मोठ्या माणसांना काय प्रश्न विचारते? जाताना सरांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, फोटो काढला. आमच्याकडं टॉवेल-टोपी नाकारायची नसते. मान आहे तो. सोयरीक असो, वाढदिवस असो, सरपंच निवडून येवो, आधी टॉवेल-टोपी. मी मान वाकवली.

दोन दिवसांत पहूर फाट्यावर फ्लेक्स लागला. 'आमची वाघीण'. वर कॉलेजचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, हितेंद्र सर, टोपीतला मी. खाली कोपऱ्यात दिपमाला, दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, दोन वेण्या आणि फुगलेले गाल. लोक विचारायचे, ही बुटकी कोण?

चौथ्या दिवशी धुळ्याच्या कॉलेजची गाडी. त्यांचे अभिमन सर. हा माणूस उंबऱ्यातूनच अहिराणीत सुरू झाला. "नाना, पोर आपली शे! धुळं म्हणजे बठ्ठं घरनंच शे!" जन्म नाशकात, शिक्षण पुण्यात, पण गोडवा असा की भागाबाईनं त्यांना न मागता दुसरा चहा दिला. यांनीही टेप काढला. पाच अकरा! यांनीही मामा विचारले. फी माफ, होस्टेल माफ, बूट दोन जोड आणि तीन केळी.

दिपमालानं विचारलं, "सर, तुम्ही माझा सामना पाहिला का?"

"फोटो पाहिला ना बेटा! फोटोत बठ्ठं कळस." सगळं कळतं म्हणे!

मग त्यांनी मला टॉवेल-टोपी दिली. आता आपल्या घरी येऊन कोणी आपला मान केला तर आपण त्याला तसाच पाठवायचा का? मी आत डोळ्यानं खूण केली. भागाबाईनं पेटी उघडली आणि वरच जो संच होता तो आणला. अहो, टॉवेल-टोपी घरात मुक्कामाला थोडीच येते? एकाकडून घ्यायची, पुढं सरकवायची. आमच्या भावकीत एक टोपी आहे, तीन लग्नं आणि एक गृहप्रवेश करून ती परत माझ्याकडंच आली होती. तर तो संच मी अभिमन सरांना घातला. त्यांनी टॉवेल खांद्यावर मस्त पसरला, मला मिठी मारली, आणि गाडीत बसण्याआधीच फोटो सगळीकडं पाठवून दिला.

टॉवेलच्या काठावर जळगावच्या कॉलेजचं नाव छापलेलं होतं. ठळक अक्षरांत. मी चष्मा लावत नाही, भागाबाई वाचत नाही, आणि अभिमन सरांनी फक्त स्वतःचा चेहरा पाहिला.

संध्याकाळच्या आत हितेंद्र सरांचा फोन. "रुपचंद नाना, आमचा मान तुम्ही दुश्मनाच्या खांद्यावर टाकला?" पाठोपाठ धुळ्याचा फोन, आणि आता अहिराणी बंद. "आम्हाला उष्टा टॉवेल घालता? आम्ही विद्यापीठाचे उपविजेते आहोत!" मी म्हटलं, "सर, पण पोरीची उंची तीच आहे ना?" फोन ठेवला त्यांनी. जळगाववाल्यांनी फ्लेक्स उतरवला. तेल गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. तो फ्लेक्स आता आमच्या शेजाऱ्याच्या म्हशीच्या गोठ्यावर आहे. अध्यक्ष नेमके गळतीवर आले आहेत.

मी दोन दिवस सगळ्यांना शिव्या दिल्या. टॉवेलला, टेपला, छापखान्याला. तिसऱ्या दिवशी जेवताना दिपमाला म्हणाली, "आबा, एवढी माणसं आली. मला खेळताना कोणीच पाहिलं नाही."

"नालायक आहेत सगळे," मी म्हटलं.

"तुम्हीसुद्धा नाही, आबा."

राग आला मला, खोटं कशाला सांगू? पण राग कोणावर काढायचा तेच कळेना. मग ती म्हणाली की जळगावच्या त्याच कॉलेजला नियमाप्रमाणं खुली निवड चाचणी घ्यावी लागते, रविवारी सकाळी आहे, कोणीही जाऊ शकतं. मी म्हटलं, "तिथं हितेंद्र सर बसलेला असेल. आणि घेतलं नाही तर?"

"तर भुसावळ," ती म्हणाली. "मी एक शब्द बोलणार नाही."

रविवारी पहिल्या एस.टी.नं आम्ही दोघं गेलो. सिमेंटचं मैदान, चौदा पोरी. हितेंद्र सर खुर्चीत होते. मला पाहून त्यांनी मान अशी फिरवली की खुर्चीच करकरली. कारकुनाला म्हणाले, "हिचं नाव शेवटी. नुसती उंच असून काय उपयोग असतो हो!" दोन आठवड्यांपूर्वी हाच माणूस माझ्या दारात उंचीवर लाळ गाळत होता.

पण खेळ घेत होती एक कोच, भाविका मॅडम. नवीन आलेली, गळ्यात शिट्टी, दिपमालाच्या खांद्याइतकी. तिला टॉवेलचं काही माहीत नव्हतं. तिनं पोरींना दोन भागांत वाटलं. दिपमालाला म्हणाली, "तू फॉरवर्ड. पुढं, टोपलीपाशी." आणि शिट्टी वाजवली.

मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नाही. दिपमालाकडं चेंडू आला तेव्हा एक चपळ बारकी पोर तो हिसकायला धावली. मला वाटलं, गेला. ही एवढी ताडमाड, चेंडू हातात यायच्या आत ती बारकी घेऊन जाईल. तर दिपमाला वाकली. चेंडू घोट्यापाशी नेला, या हातातून त्या हातात, इतका खाली की बारकीचा हात वरून गेला. धप् धप्, धप् धप्. तो आवाज मी ओळखला. माझ्या अंगणातला होता तो. ज्यापायी माझी झोप मोडायची तो. दोन पावलांत ती टोपलीखाली, हात वर, आणि चेंडू आत. मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोघी अंगावर आल्या तर तिनं न बघता मागच्या पोरीला चेंडू दिला. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं, आणि मी ओरडलोच, "शाब्बास, ए बुटके!"

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. भाविका मॅडम शिट्टी सोडून चालत माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता हाकलते.

"काका, काय म्हणालात तुम्ही हिला?"

"बुटकी. म्हणजे, पूर्वी होती. दहावीपर्यंत."

"तरीच!" तिनं कपाळावर हात मारला. "उंच पोरी चेंडू इतका खाली खेळवतच नाहीत, शिकवूनही येत नाही. ही बुटकेपणी शिकलीय. उंची मागून आली." मग सरांकडं वळून म्हणाली, "सर, हिचं नाव पहिलं."

हितेंद्र सर घुटमळले. "मॅडम, त्यांच्या घरी टॉवेलचं एक प्रकरण—"

"मला फॉरवर्ड पाहिजे, सर. टॉवेल तुम्ही ठेवा."

माणूस तयारीचा, हे मी आधी सांगितलंच. पाच मिनिटांत 'आमची वाघीण' परत आली, फी माफ, होस्टेल माफ, दोन केळीही परत आली. शिपाई नवा टॉवेल आणि टोपी घेऊन आला. सर माझ्या कानात म्हणाले, "नाना, हा मान तेवढा घरातच ठेवा." मी मान वाकवली. फोटो झाला. दिपमाला घामानं निथळत होती, मी तो टॉवेल तिला दिला. तिनं तोंड पुसलं आणि हसली. "आबा, हा पाणी पीतच नाही." मग माझ्या गळ्यातला जुना रुमाल ओढून घेतला.

स्टँडवर मी भुसावळला फोन लावला. म्हटलं, आता सुपारी नाही. मुलाचे वडील चिडले. "का? आमचा मुलगा सहा फूट एक आहे! उंचीत काय कमी?"

"तुमच्यात काही कमी नाही," मी म्हटलं. "पोरगी अजून वाढतेय."

एस.टी.त ती खिडकीशी बसली, पाय मावेनात म्हणून आडवी. नेरी गाव गेलं तेव्हा मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, "दिपमाला, तो तुझा चेंडू. कपाशीच्या खोलीत आहे अजून. चार वर्षं झाली. मी चुकलो गं."

"माहीत आहे, आबा. तुम्ही शेतात गेले की मी रोज काढायचे. तुम्ही यायच्या आत परत ठेवायचे."

"पण कुलूप होतं!"

"किल्ली आई द्यायची."