पालथा पाव

डल्सी बुडाली त्या सकाळी तिच्या आईने, केझाया मावशीने, पावाचं करपलेलं बूड खरवडायला पाव पालथा केला होता. क्षणभरच. आमच्या न्यूफाउंडलंडच्या खाडीत पाव कुणी पालथा ठेवत नाही. घरात पाव उलटला की पाण्यावर होडी उलटते, हे रांगत्या पोरालाही ठाऊक. मावशीलाही ठाऊक होतं. पण डल्सीला पलीकडच्या किनाऱ्यावरून पीठ आणायची घाई, हातात सुरी, चूल भडकलेली. दुपारी होडी सापडली, ती पालथी. डल्सी सापडली नाही.

त्यानंतर मावशी पावाला शिवली नाही. उकडलेला बटाटा, खारवलेला कॉड मासा, वर काळा चहा. तिचा मुलगा हेडली समजावून थकला.

"आई, वारा होता गं. वाऱ्याने उलटली होडी."

"आणि वाऱ्याला कुणी सांगितलं?"

शोधायला आलेली लाँच तळाशी गळ टाकून टाकून परत गेली. उत्तरेकडून बर्फाचा लगदा सरकत येत होता. एकदा खाडी मिटली की उघडणार वसंतात, आणि तोवर पाण्याखाली काय उरेल हे गावात कुणी बोलत नव्हतं. मावशी एवढंच म्हणायची, "मला मातीत ठेवायला द्या तिला. बाकी काही नको."

मग एके दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. शाल उलटी पांघरलेली.

"लीआ, तू पाव भाज. मेणबत्तीचा."

जुनी रीत आहे ती. पाव पोखरून आत मेणबत्ती लावायची आणि पाण्यावर सोडायचा. बुडालेल्या माणसावर जाऊन तो थांबतो. पण भाजायचा त्याच्या घासातला घास खाल्लेल्याने.

"माझ्या हातचा आता चालायचा नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही दोघी एका बाकावरच्या."

एका बाकावरच्या, एका डब्यातल्या. डल्सीच्या डब्यात पावाचा जाड तुकडा असे, वर काकवी. कडा तिला लागे, मऊ गर मला. वाटणी करताना आम्ही म्हणायचो,

कडा तुझी, गर माझा,
काकवीचा थेंब कुणाचा?
जिभेवरती पडेल त्याचा.

थेंब नेहमी तिच्याच जिभेवर पडे. मी रुसले की म्हणे, "म्हातारे, आधी दात आण, मग भांड." माझ्या लग्नातही तिने सगळ्यांदेखत केकची कडा तोडून घेतली, अन् नवऱ्याला म्हणाली, "मऊ मऊ तुम्हाला हो, पाहुणे. कडक ते माझं."

पीठ मळताना हात चालत होते. पाव निघाला. झाला की नाही बघायला बुडावर टिचकी मारावी लागते, तर आमच्याकडच्या बायका पाव उलटत नाहीत, डोक्यावर उचलून खालून वाजवतात. वाजवला. मग सुरीने गर काढला. टेबलावर माझ्या वाटणीचा ढीग झाला आणि हातात नुसती कडा उरली. तिची.

दुपार कलताना हेडलीने होडी काढली. पाव तरंगत असताना बुडालेल्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून आम्ही गप्प. मावशी धक्क्यावर उभी. तिला लांबचं धुरकट दिसतं. पाव पाण्यावर ठेवला, तो जरा डुलला आणि निघाला. आतली ज्योत वाऱ्यापासून लपून जळत होती. आम्ही हळूहळू मागे. दातेरी खडकापाशी तो आला, जिथे शाळा चुकवून आम्ही मासे धरायचो, आणि थांबला. खरंच थांबला. हेडलीची वल्ही हातातच राहिली.

"लीआ," तो पुटपुटला, "टाक."

मी गळ सोडला. शेवाळ आलं. पुन्हा सोडला, पुन्हा शेवाळ. तिसऱ्यांदा काहीतरी जड लागलं. इतकं जड की हेडलीनेही दोरीला हात घातला. नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून मी ओढता ओढता मनात म्हणत राहिले, कडा तुझी, गर माझा, ये ना गं, कडा तुझी.

वर आली पिठाची गोणी.

होडी कलली, लाट उठली आणि पाव पालथा झाला. मी झेप घेतली. ज्योत विझलेली, कडेचा लगदा बोटांतून गळून गेला.

धक्क्यावरून मावशीची हाक आली, "थांबला का गं?"

"थांबला, मावशी."

"सरळ होता ना?"

हेडलीने माझ्याकडे पाहिलं.

"सरळच होता," मी म्हणाले.

दिवस बुडेपर्यंत आम्ही गळ टाकला. काही नाही.

गोणी मावशीच्या स्वयंपाकघरात फाडली. बाहेरून पिठाचा खारट, घट्ट थर झालेला, आणि आत मधोमध कोरडं, पांढरं पीठ. मावशीने त्यात हात घातला. किती तरी वेळ काढला नाही.

"तिने आणलंय," ती म्हणाली. "ह्याचा भाज. हा जाईल तिच्याकडे."

पहाटे मी तो भाजला. पोखरला. तिघं तो घेऊन धक्क्यावर गेलो तर वारा फिरलेला आणि खाडी नव्हती. रात्रीत बर्फाचा लगदा काठापर्यंत दाटला होता. पाणी दिसेना, आवाजही येईना. हेडली म्हणाला, "आई, घरी चल." तिने माझ्या हातातून पाव घेतला, धक्क्याच्या पायऱ्या उतरून खाली गेली आणि अलगद बर्फावर ठेवला. मेणबत्ती लावली.

पाव जिथे ठेवला तिथेच राहिला. ज्योत सरळ.

"बघ लीआ," मावशी म्हणाली, "हलत नाही. इथेच आहे माझी पोर. पायऱ्यांशीच आलीय."

काय सांगू तिला, बर्फावर काहीच हलत नाही?

ती वर वळून पाहत होती, एकदा माझ्याकडे, एकदा लेकाकडे. हेडली होडीतून वल्हं घेऊन पायऱ्या उतरला आणि पावाच्या शेजारी बर्फ फोडायला लागला. मी दुसरं वल्हं उचललं.