पितळ उघडं पडलं

शर्यतींचा हंगाम संपला की मास्तरची गाडी ताईच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात मुक्कामाला यायची. गाडी म्हणजे एक जुनी छोटी मोटार. मागची सीट, गालिचा, रेडिओ सगळं उपटून टाकलेलं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि दारावर रंगवलेला अकरा आकडा. क्लब हौशी मंडळींचा. कुणी बेकरीवाला, कुणी दातांचा डॉक्टर. महिन्यातून एका रविवारी जिवाच्या आकांताने गाड्या पळवायच्या आणि सोमवारी मुकाट्याने कामावर जायचं.

मास्तर हा ताईचा धाकटा भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचा म्हणून क्लबातल्या लोकांनी त्याला मास्तर केलं, आणि ऐकून ऐकून तीही तसंच म्हणू लागली. तो चालवायचा, ती दुरुस्त करायची. वडिलांचं दुकान तिने सांभाळलं होतं, आणि पंप काय नि इंजिन काय, घासणारी वस्तू कुठे घासली हे बोटांना कळलं की पुढचं सोपं, असं तिचं मत होतं.

या वर्षी मास्तर रडकुंडीला आला होता. शेवटच्या दोन्ही शर्यती अर्ध्यावर सोडाव्या लागल्या होत्या.

"गिअरबॉक्सच दळभद्री आहे," तो म्हणाला. "दुसरा टाकायला जावं तर खर्रर्र! सगळा ट्रॅक वळून बघतो."

"गेल्या वर्षी मीच बसवलाय तो," ताई म्हणाली. "दळभद्री कुणाला म्हणतोस?"

तिने गाडी स्टँडवर चढवली, खाली परात सरकवली आणि ऑइल सोडलं. काळ्या ऑइलमध्ये सोनेरी कण चमकत होते. आठवडाभर संध्याकाळी खपून तिने गिअरबॉक्स उतरवला, उघडला, एकेक भाग रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर मांडला. गिअर अलगद पडावा म्हणून आत पितळेच्या कड्या असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या कड्या झिजून पार गुळगुळीत झाल्या होत्या. दहा वर्षं वापरल्यावर व्हाव्यात तशा, एका हंगामात.

क्लच पुरता न दाबता गिअर टाकला की हे असं होतं. पण क्लचची केबल तिने स्वतः लावली होती, आणि ती जागची हललेली नव्हती.

मास्तर आला तेव्हा तिने त्याला सीटवर बसवलं आणि स्वतः पाठीवर सरपटत गाडीखाली गेली.

"क्लच दाब."

केबलचं टोक सरकलं आणि मध्येच थांबलं.

"पूर्ण दाब की रे."

"दाबलाय पूर्ण. आता काय बाहेर काढू पाय?"

ती उठली, दारातून वाकली आणि त्याचा पाय बाजूला करून हाताने पेडल दाबलं. पेडल आणखी चार बोटं खाली गेलं. मास्तर समोरच्या काचेकडे बघत राहिला. ताईची नजर त्याच्या बुटांवर गेली. उजवा बूट नवाकोरा असावा तसा होता. डाव्याचं टोक मात्र घासून घासून पांढरं पडलं होतं, पाय ओढत चालणाऱ्या माणसाचं पडतं तसं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मास्तर, वर्गातल्या पोरांना बनव. मला नको."

त्याने गाडीत पडलेलं हेल्मेट मांडीवर घेतलं. "पावसाच्या आधीपासून. आधी मुंग्या यायच्या. आता अंगठा वर उचलला जात नाही, पायात जोरही लागत नाही. कंबरेतून कळ येते कधीकधी." मग उसनं हसून म्हणाला, "बघ, तुझ्या परातीत माझंच पितळ उघडं पडलं."

ताईला हसू आलं नाही. "वहिनीला माहीत आहे?"

"नाही, आणि तू सांगायचं नाहीस. ती दिवसभर आजारी माणसंच वाहते, ताई. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. त्यात आणखी एक पेशंट कशाला?"

वहिनी ॲम्ब्युलन्स चालवायची. बारा वर्षं झाली होती. रविवारी क्लबचे लोक ट्रॅकवर असत तेव्हा ती बहुतेक ड्यूटीवर असायची.

"तू नव्या कड्या टाक," मास्तर म्हणाला. "पायाचं मी बघतो."

"पाय दाखवून ये, मग टाकते."

"म्हणजे अडवतेस मला?"

"हो, अडवते."

तो चिडून निघून गेला. जाताना उंबऱ्याला डावा पाय अडखळला, तेव्हा ताईने मुद्दाम पाठ फिरवली.

पुढचे पंधरा दिवस तो फिरकला नाही. ताई पंप दुरुस्त करत होती आणि येता-जाता वर्तमानपत्रावरच्या गिअरबॉक्सकडे बघत होती. सांगावं तर भावाचा शब्द मोडतो, न सांगावं तर भाऊच मोडतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. गाडीच्या स्प्रिंगा तिनेच कडक बसवल्या होत्या, त्याच्या हट्टापायी. प्रत्येक दणका त्याच्या कंबरेत गेला असेल, हा विचार तिला जेवताना घास गिळू देत नव्हता.

एका दुपारी दुकानासमोर ॲम्ब्युलन्स थांबली. वहिनी गणवेशातच आत आली.

"ताई, हे शाळेच्या जिन्यावरून पडले. म्हणतात, फरशी ओली होती. मी शाळेत विचारून आले. फरशी कोरडी होती." ती स्टुलावर बसली. "तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. मी भांडणार नाही."

ताईने हात पुसले आणि सगळं सांगितलं. झिजलेली कडी तिच्या तळहातावर ठेवली. वहिनीने ती बोटाने चाचपून पाहिली.

"रोज अनोळखी लोकांना धावतपळत दवाखान्यात पोचवते मी," ती म्हणाली, "आणि घरचा माणूस मागेच राहिला." तिचे डोळे भरून आले. मग तिने ते गणवेशाच्या बाहीला पुसले आणि उठली. "शाळा किती वाजता सुटते?"

ती थेट शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, आणि मुलांच्या देखत मास्तरला नाही म्हणता येईना. दवाखान्यात कळलं, कंबरेतल्या मणक्याखाली नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने अंगावर काढलं असतं तर पाऊल कायमचं लुळं पडलं असतं. कडक स्प्रिंगांचं ताईने भीतभीत विचारलं. ते म्हणाले, याला एक कारण नसतं, आणि तुम्ही आधी जेवत जा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मास्तर तिच्याशी पहिल्यांदा बोलला. "फितूर," तो म्हणाला, आणि उशीवरून हात पुढे केला. ताईने तो धरून ठेवला.

पाय हळूहळू हलू लागला, पण वर्षभर शर्यत बंद. मास्तर काठी टेकत दुकानात यायचा, खुर्चीत बसून नट धुऊन द्यायचा. नव्या कड्या घालून गिअरबॉक्स पुन्हा गाडीत चढला त्या दिवशी तो फार उदास दिसला.

"एवढी नटवून ठेवली, आता धूळ खात पडणार."

"का?" त्याला न्यायला आलेली वहिनी म्हणाली. "मला चालवता येत नाही का?"

बारा वर्षांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तूच म्हणायचीस ना, दिवसभर तेच करते, रविवारी पुन्हा कशाला?" मास्तर म्हणाला.

"एकदा म्हणाले होते. तुम्ही पुन्हा विचारलंत कधी?"

हंगामाच्या पहिल्या रविवारी वहिनीने सुट्टी काढली. मास्तर कठड्याशी स्टॉपवॉच घेऊन उभा होता, आणि तिच्या प्रत्येक वळणाला त्याचंच अंग कलत होतं. गिअर लोण्यासारखे पडत होते; ताईला तेवढं ऐकून पुरे होतं. चौदा गाड्यांत वहिनी तेरावी आली. बेकरीवाल्याची गाडी बंद पडली नसती तर चौदावी आली असती.

हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अहो, ही काय माणसं आहेत!" ती म्हणाली. "मागून मी एवढ्या जोरात येतेय, तर कुणी बाजूलाच होत नाही!"

मास्तर कठड्याला धरून हसत सुटला, इतका की ताईने धावत जाऊन त्याच्या काखेत हात घातला. वहिनी घटाघट पाणी प्यायली आणि तिने पुढची शर्यत किती तारखेला आहे ते विचारलं.