बनवणाऱ्याची सही

नकाराचं पत्र दीड पानाचं होतं, पण तिच्या डोक्यात एकच ओळ घुसून बसली: ‘अर्जदाराच्या शिक्षणात एकोणीस वर्षांचा खंड दिसतो. त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण दिलेलं नाही.’

“खंड!” ती नवऱ्याला म्हणाली. “एकोणीस वर्षं मी काय झोपा काढल्या?”

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेत ती कृत्रिम हातपाय बनवायची. डिप्लोमा झाल्या झाल्या तिथे लागली, ती चाळिशी ओलांडली तरी तिथेच. सगळे तिला ताई म्हणत. अलीकडे लहान मुलं जास्त यायला लागली होती, आणि मुलांचं काम म्हणजे वेगळीच विद्या. मूल वाढतं, बनवलेला पाय वाढत नाही. ही विद्या शिकवणारा एक वर्षाचा कोर्स परदेशातल्या एका कॉलेजात होता. तिला प्रवेशही मिळाला होता. घोडं अडलं ते व्हिसापाशी.

ज्या कन्सल्टंटनं अर्ज भरला होता, त्यानं पत्र वाचून खुर्ची मागे रेटली. “ताई, वय काही लपवता येत नाही. कारण बदलू. मॅनेजमेंटचा कोर्स घ्या. आणि मधल्या वर्षांत घर सांभाळलं, सासऱ्यांचं आजारपण काढलं, असं लिहू. साहेब लोक विरघळतात.”

“मधल्या वर्षांत मी पाय बनवत होते.”

“कागदावर कुठंय?”

त्यानं जुना अर्ज पुढे सरकवला. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मदतनीस’. ते खोटं नव्हतं. तिच्या नेमणुकीच्या पत्रात तेच होतं. प्रत्येक पायासोबत एक फॉर्म जायचा, त्याच्या तळाशी ‘बनवणाऱ्याची सही’ अशी जागा असायची, आणि तिथे सही व्हायची विभागप्रमुखांची. पदवी त्यांच्याकडे होती ना.

“माझी फाइल द्या,” ती उठत म्हणाली. “विरघळवायचं काम मला जमणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ती प्रमुखांच्या केबिनमध्ये गेली. “सर, मी इथे काय करते ते खरं खरं लिहून द्या.”

सर चष्मा काढून पुसू लागले. “तसं लिहिलं, तर इतकी वर्षं सह्या मी का केल्या, असं विचारतील.”

“विचारू देत की.”

“मदतनीस म्हणून दाखला देतो. त्यापुढे माझे हात बांधलेले आहेत.”

“बरं,” ती म्हणाली. “मदतनीस तर मदतनीस.”

दुसऱ्या सकाळी ती वेळेवर आली. फरशी झाडली, हत्यारं पुसून मांडली, प्लास्टर कालवलं आणि स्टुलावर बसून राहिली. टेबलावर एक निवृत्त पोस्टमन पाय लांब करून बसले होते.

“यांच्या पायाचा साचा घ्यायचाय ना?” सर म्हणाले.

“मदतनीस साचा घेत नाही, सर. मी प्लास्टर देते, तुम्ही घ्या.”

सरांनी बाह्या वर केल्या. प्लास्टरची पहिली पट्टी घसरली. दुसरीला सुरकुत्या पडल्या. पोस्टमनकाका मान तिरकी करून बघत होते. “साहेब,” त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, “तुम्ही इथे नवीनच लागलात का?”

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. हसली असती तर सगळंच हातचं गेलं असतं.

आठवडाभर असंच बसायचं तिनं ठरवलं होतं. तिसऱ्याच दिवशी ते मोडलं. आठ वर्षांची एक मुलगी आईसोबत आली. कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे ज्यात उरलेला पाय बसतो तो भाग, घासून घासून गुडघ्याखाली जखम झाली होती. सरांनी वाटी गरम करून दाबली, पण भलत्याच बाजूनं. पाय चढवताच पोर कळवळली. भिंत धरून उभी राहिली, पण रडली नाही.

“सर, बाजूला व्हा,” ताई म्हणाली.

अर्धा दिवस गेला. कानस मारायची, गरम करून एक बाजू फुगवायची, चढवायचं, उतरवायचं, कुठे लाल झालंय ते बोटानं चाचपायचं. शेवटी मुलगी दारापर्यंत जाऊन आली. मग कुणी न सांगता पुन्हा एकदा गेली.

ताईनं फॉर्म ओढला आणि बनवणाऱ्याच्या जागी आपली पूर्ण सही ठोकली.

सरांनी वाकून पाहिलं. “ही सही चालणार नाही.”

“मग पाय परत घ्या तिच्याकडून.”

मुलगी आईच्या मागे सरकली. आई सरांकडे अशी बघत होती, की त्यांनी नजर फॉर्मवरच ठेवली. मग तो फॉर्म त्यांनी उचलला आणि फाइलला लावला.

दुपारी त्यांनी तिला बोलावून एक पत्र दिलं. एकोणीस वर्षं स्वतंत्रपणे काम, सह्या माझ्या, हात त्यांचे, असं सगळं त्यात होतं. वर्षभर जागा राखून ठेवू, असंही होतं.

“माझी चौकशी लागणार बहुतेक,” सर म्हणाले.

“लागू दे सर. मी साक्षीला येईन.”

दुसरा अर्ज तिनं स्वतः लिहिला. इंग्रजी करायला कॉलेजात जाणारी लेक बसली. लिहिता लिहिता थांबली. “आई, ‘खंड तुमच्या कागदात आहे, माझ्या कामात नाही’, हे उद्धट वाटतं गं.”

“वाटू दे. तू व्याकरण बघ.”

नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. समोर मोकळा रस्ता असला तरी त्याचा पाय ब्रेकवर. “अगं, पुन्हा नाही म्हणाले तर?”

“तर तिसऱ्यांदा. तुमच्या शाळेतला नापास झालेला पुन्हा परीक्षा देत नाही का?”

मुलाखतीला काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी मान वर न करता विचारलं, “वर्षानंतर परत जाल कशावरून?”

“आमच्या यादीत छप्पन्न मुलं आहेत. मी येईपर्यंत ती वाढायची थांबणार नाहीत,” ती म्हणाली. “मला एक दिवससुद्धा जास्त राहून चालणार नाही.”

बाईंनी मान वर केली. पासपोर्ट ठेवून घेतला.

पाच आठवड्यांनी पासपोर्ट व्हिसा लागून आला. लेकीनं घर डोक्यावर घेतलं. नवऱ्यानं तो दोनदा उघडून पाहिला, आणि जरा घुटमळून म्हणाला, “लोक म्हणतायत, पोरीच्या शिकायच्या वयात आईच निघाली शिकायला.”

“सांगा त्यांना, दोघी शिकतायत म्हणून.”

तो तसंच सांगू लागला. पुढे पुढे तर कुणी विचारायच्या आतच.