माझा आखूड पाय

“भावाशी भांडण ठेवून आलेल्या माणसाचं दान देव घेतो का हो, पाळकसाहेब?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारायची पैज एका मुलीशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. त्यांना वाटलं, ही बडबडी ऐनवेळी शेपूट घालणार. पण चर्चमधल्या रविवारच्या शाळेत ती ताडकन उभी राहिली आणि माझ्या काळजात धस्स झालं. कारण त्या भांडणाचं मूळ मीच!

मी एक जुना बाक आहे. चर्चमधला, डावीकडचा तिसरा. पाय चार, पावणेचार म्हणा हवं तर.

मला दोन सुतार भावांनी घडवलं. थोरले तिचे बाबा, धाकटे तिचे काका. एकाच मोठ्या करवतीची दोन टोकं धरून त्यांनी माझी फळी कापली. एक ओढायचा, दुसरा सैल सोडायचा, आणि दोघंही गायचे, तेही बेसूर. मला इतक्या मायेनं घासलं, की पाठीवरून माशीसुद्धा घसरावी.

पहिल्याच उपासनेला पाळकीणबाई ऐटीत येऊन बसल्या आणि मी ‘खट्’ करून एका अंगाला कललो. बाईंचं गीतांचं पुस्तक उडून पुढच्या गृहस्थांच्या टकलावर! सगळं चर्च हसलं. दोन माणसं सोडून.

“माप तू दिलंस!”

“कापलंस तू, दादा!”

झालं! बोलणं बंद. बाबा आणि आई माझ्या या टोकाला, काका त्या टोकाला. ती बाबांना चिकटून, काकांकडे पाठ करून बसायची. ज्या काकांच्या खांद्यावर बसून ती लहानाची मोठी झाली, त्यांच्याकडे! मधली जागा मात्र रिकामी. तिथं बसायला कुणी धजत नसे.

मला दुरुस्त करायला दुसरा सुतार बोलावला, तर दोघं भाऊ एका सुरात गरजले, “आमच्या बाकाला परक्यानं हात लावायचा नाही!” पण स्वतः लावतील तर शपथ! लावला, तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना. मग पोरं माझ्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारतात आणि मला ‘खटखट्या’ म्हणून चिडवतात.

पाय कुणामुळे आखूड झाला, ते मला पक्कं ठाऊक आहे. पण सांगणार नाही. दोघांनीही माझ्यासाठी घाम गाळलाय. त्यांतल्या एकाची चहाडी करू?

तर, पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “येशूनं यावर फार सोपं सांगितलंय, म्हणूनच ते अवघड जातं. दान वेदीपाशी तसंच ठेवायचं. आधी भावाकडे जायचं, समेट करायचा आणि मग परत यायचं.”

“पण चूक कुणाची, ते आधी ठरवायला नको?”

“तसं कुठं म्हटलंय, पोरी? तो आपल्यावर नाराज आहे एवढं आठवलं, की आपणच निघायचं.”

ती खाली बसली. मैत्रिणी पैज हरल्या, तरी तिला हसू येईना.

मित्रांनो, एक विनंती करतो. घरातलं काही डुगडुगायला लागलं, तर वेळीच बघा. पुठ्ठा फार दिवस पुरत नाही. आणि मला तर पाय सरळ होण्यापेक्षा त्या दोघांची बेसूर गाणी पुन्हा ऐकायची घाई आहे.

उपासना सुरू झाली. दानाची थैली फिरत तिच्यापर्यंत आली. तिनं आपलं दान थैलीत टाकलंच नाही. माझ्यावर, अगदी मधोमध ठेवलं आणि ती उभी राहिली. ‘खट्’ वाजलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

“अगं, बस की खाली!” आई कुजबुजली.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली, काकांना ऐकू जाईल अशा बेतानं. “मी आता काकांजवळ जाऊन बसणार आणि दुपारी त्यांच्याकडेच जेवणार. बाबा, तुम्ही येताना ती मोठी करवत आणा. दुसरं टोक धरायला तिथं माणूस आहे.”