लाल-पांढऱ्या दोऱ्याची बाटली

त्सोलोकाकांवर मला कधी संशय आला नव्हता. तो आला फिल्मच्या काठामुळे.

गाब्रोवोतल्या आमच्या स्टुडिओत मी फोटो काढते आणि ते फिल्म धुतात. माझी आई स्तांका त्यांची शेजारीण. हद्दीवरच्या आलुबुखाराच्या झाडावरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

आईला फोटोचं वावडं. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मात्र काय झालं कोण जाणे, अंगणात बसून ती खदखदून हसली आणि मी बारा फोटो काढून घेतले. एक मार्चला फिल्म काकांकडे दिली. संध्याकाळी ते म्हणाले, "कोरी आहे. कॅमेऱ्यात नीट अडकवली नव्हतीस." मी स्वतःलाच चार शिव्या दिल्या. येत्या रविवारी पुन्हा काढू म्हटलं. शनिवारी आई गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचं पत्रक दारावर आणि खांबांवर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लावतात. पहिल्या पत्रकावर आईच्या ओळखपत्रातला फोटो होता, वीस वर्षांपूर्वीचा, हनुवटीवर सरकारी शिक्का. पाववाली म्हणाली, "ही कोण गं?" चाळिसाव्याला आई आईसारखी दिसलीच पाहिजे, असं तेव्हाच ठरवलं. एखादा चेहरा अंधुक तरी उमटला असेल म्हणून ती फिल्म शोधून खिडकीशी धरली.

काचेसारखी स्वच्छ. पण काठावरचे आकडेसुद्धा नव्हते!

ते आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात. कॅमेऱ्यात फिल्म सरकली नाही तरी धुतल्यावर ते काळे दिसतातच. पहिल्या बाटलीतला डेव्हलपर उजेड लागलेली चांदी काळी करतो, दुसऱ्या बाटलीतला हायपो उरलेली चांदी विरघळवून नेतो. आकडेही गेले याचा अर्थ हायपो आधी ओतला गेला. तीस वर्षं फिल्म धुणारा माणूस असं चुकून करतो होय?

मग एकेक आठवायला लागलं. दफनाच्या दिवशी काका फाटकाबाहेरच उभे राहिले, आत आले नाहीत. तेव्हापासून माझी नजर चुकवत होते. आणि काळोख्या खोलीतल्या कपाटाला कधी नव्हे ते कुलूप लागलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फिल्म त्यांच्यापुढे आपटली.

"आकडे कुठे गेले, काका?"

ते फिल्म गुंडाळून ठेवायला लागले.

"आलुबुखारांचा सूड फोटोवर काढलात? मेलेल्या बाईवर?"

"तेव्हा जिवंत होती ती," ते हळूच म्हणाले.

"कपाट उघडा."

"त्यात काही नाही, पोरी."

"काही नाही तर कुलूप कसलं? हवा पळून जाईल म्हणून?"

त्यांनी किल्ली काढली. आत एकच बाटली होती, हायपोची. तिच्या गळ्यात लाल-पांढरा दोरा होता.

आमच्या दोन्ही बाटल्या लिंबूसरबताच्या, अगदी सारख्या. गाब्रोवोचा माणूस नवी बाटली विकत घेईल तर सूर्य पश्चिमेला उगवेल. मिट्ट काळोखात कळावं म्हणून डेव्हलपरच्या गळ्यात सुतळी असायची. हाताला दोरा लागला की ती पहिली बाटली. आणि एक मार्चला आम्ही जिवाभावाच्या माणसांना असा लाल-पांढरा दोरा बांधतो, वर्षभर धडधाकट राहा म्हणून. आई तर बोकड, दाराची कडी, माझी सायकल, काही म्हणून सोडायची नाही.

"तू जेवायला गेली होतीस तेव्हा आली," काका म्हणाले. "म्हणाली, 'हात पुढे कर, म्हाताऱ्या. ते झाड गेलं खड्ड्यात.' मला बांधला. उरलेला या बाटलीला बांधला, 'हिलाही बिचारीला कोण आहे' म्हणत. मी हसलो आणि विसरलो. संध्याकाळी सर्दीनं नाक बंद, वास कळेना. हाताला दोरा लागला, ओतलं."

"मग खोटं का बोललात?"

"दिवा लावल्यावर कळलं. लाज वाटली. रविवारी तू परत काढशील असं वाटलं. आणि ती गेलीच. मग कोणत्या तोंडानं सांगू, की स्तांकाच्या दोऱ्यानंच स्तांकाचा फोटो गेला?"

त्यांनी बाही वर सरकवली. वसंतातला पहिला करकोचा दिसला की हा दोरा सोडून झाडाला बांधतात. करकोचे येऊन पंधरवडा झाला होता, गावातले सगळे दोरे झाडांवर गेले होते. त्यांच्या मनगटावर आईचा दोरा तसाच होता. मला माझीच शरम वाटली. रडूही आलं.

"पण ही बाटली कुलपात का?" मी नाक पुसत विचारलं.

"आपण हायपो पुन्हापुन्हा वापरतो ना. हा नाही वापरला. फिल्मवरची चांदी यात उतरली आहे, पोरी. तिचं ते हसणं यातच आहे सगळं. ओतून द्यायला हात धजेना."

चाळिसाव्याच्या पत्रकावर मी आईचं नाव घातलं आणि फोटोची चौकट रिकामी ठेवली. काका माझ्याबरोबर खांबाखांबावर ती पत्रकं चिकटवत फिरले. पाववाली वाचून थांबली.

"फोटो नाहीच मिळाला का गं?"

"मिळाला की," मी म्हटलं. "बाटलीत आहे."

तिनं आधी माझ्याकडे आणि मग काकांकडे मोठ्या संशयानं पाहिलं.