ठकुबाईचा रॉड

"मी तवाच बोल्लो होतो, कंपनीचा टाका. पण आमचं कोण ऐकतंय!" ओट्यावर पाय धुताना भावेश पुटपुटला. दाराआड उभ्या चंद्राला, त्याच्या वहिनीला, ते स्पष्ट ऐकू आलं. ऐकू जावं म्हणूनच तर तो पुटपुटला होता.

राख सावडून दोघे भाऊ नुकतेच परतले होते. आईच्या, ठकुबाईच्या, अस्थी खाडीत सोडल्या. पण मोडलेल्या खुब्यात बसवलेला तिचा रॉड भावेशने फडक्यात गुंडाळून घरी आणला होता.

"मसणातली वस्तू घरात?" ठकुबाईची नणंद, आक्का, किंचाळलीच. "डोकं फिरलं काय तुझं?"

"मोडला असंल तो. दादाला दाखवायचाय."

दादा म्हणजे थोरला हिरामण, चंद्राचा नवरा. साधाच रॉड टाका, असं त्यानेच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, नावाजलेला काय नि हा काय, काम तेच करतो. उद्यापासून आजींना उभं करा. पण घरी येताच कामतघरची अर्धी चाळ सांगायला हजर: 'लोकल हाय, जपा.' मग काय, सगळ्यांनी जपलं. म्हातारीने पाय खाली सोडला की कोणीतरी धावायचं. "आई, पडून राव!" सगळ्यांत आधी चंद्राच. मायेने, नि धसक्यानेही.

शेजारच्या कापड कारखान्यातले लूम सुरू झाले की ठकुबाई मांडीवर हात ठेवून कुजबुजायची, "चंद्रे, आतमंदी कोन तरी चालतंय गो. मला न्हाय नेत." चंद्राने एकदा हात लावून पाहिला होता. थरथर जाणवली. पुन्हा लावला नाही. मग पाठीला जखमा झाल्या, छाती कफाने भरली, आणि आत चालणारं ते जे कोणी होतं, ते शेवटी तिला घेऊन गेलं.

भावेशने फडकं जमिनीवरच्या स्टीलच्या ताटात सोडलं. काळवंडलेला रॉड, त्याचा जाड स्क्रू अजून जागच्या जागी. भावेशने दोनदा उलटून पाहिला. कुठे साधी चीर नव्हती.

तेवढ्यात गेलेली वीज आली. भिंतीपलीकडे लूम धडधडले, आणि ताटातला रॉड हलला. अडखळत, कडेकडेने, पुढे पुढे सरकू लागला. आक्काने पदर तोंडात कोंबला. कोणी हात लावेना.

"लोकलच तो," भावेश उगाच म्हणाला.

चंद्रा खाली बसली. तळहाताने तिने तो दाबून धरला.

"धड हाय हा," ती म्हणाली. "याला काय बी झालं न्हाय, भावजी. आईला आपुनच चालू दिलं न्हाय."