हात वर होईपर्यंत

मी पाखरी बोलतेय. खोडदच्या गेणभाऊंची घोडी. माझ्या उजव्या पुठ्ठ्यावर नखाएवढा एक डाग आहे. तिथे केस उगवत नाहीत आणि माशा नेमक्या तिथेच येऊन बसतात. त्या डागाची हकिकत सांगते. आधीच सांगून ठेवते, मी काही मोठ्या मनाची नाही. लोकांना वाटतं मुकं जनावर सगळं विसरून जातं. मुकं असणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून गेणभाऊंनी मला आणलं तेव्हा मी शिंगरू होते. टेम्पोत उभं राहून राहून पाय सुजले होते. दारात उतरवलं तेव्हा गेणभाऊंची बायको साळुबाई भाकरीचा तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "लई बारीक हाय वो." गेणभाऊ म्हणाले, बारीक आहे पण पळेल. आणि मी पळाले.

आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. चढणीचा घाट, गाड्याला जुंपलेले चार बैल आणि त्यांच्यापुढे एक घोडी. बैलांना मागे लागायला पुढे काहीतरी पळतं लागतं, ते काहीतरी म्हणजे मी. बारी, म्हणजे गाड्याची धाव, जिंकली की गुलाल बैलांच्या अंगावर आणि फेटा गाडामालकाच्या डोक्यावर. घोडीला एक थाप मिळते, तीही कोणाच्या ध्यानात राहिली तर. याबद्दल मला तेव्हाही राग होता, पण तो साधा राग होता.

माझ्या पाठीवर बसायचा गेणभाऊंचा मुलगा सयाजी. बसायचा म्हणजे असा की लगाम ओढायची वेळच यायची नाही. त्याला पुण्यात पोलीस व्हायचं होतं. लहानपणी एकदा गेणभाऊंबरोबर तो पुण्याला गेला होता. तिथे भर चौकात एका पोलिसाने नुसता हात वर केला आणि ट्रक, बस, रिक्षा सगळं जागच्या जागी उभं राहिलं. ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. खोडदला चौक नाही आणि थांबवायला वाहनंही नाहीत, म्हणून तो मला थांबवायचा. रानाच्या टोकाला उभा राहून मला मोकळी सोडायचा, मी चौखूर निघाले की हात वर करायचा. मी थांबले की गूळ. पुढे पुढे गूळ नसला तरी थांबू लागले. तो हात मला आवडायचा, दुसरं काय सांगू.

पुणे शहर पोलिसांची भरती निघाली तेव्हा घरात लगीनघाई झाली. सयाजीने अर्ज भरला. साळुबाईने शिलाईच्या मशिनवरची टेप काढून त्याच्या छातीला गुंडाळली आणि "अजून फुगीव, अजून फुगीव" म्हणत राहिली, तो लाल होईपर्यंत. गोळाफेकीच्या सरावातला त्याचा गोळा माझ्या गोठ्यामागच्या रानात येऊन पडायचा आणि माझी झोपमोड व्हायची. रोज सकाळी आम्ही दोघं शेजारी शेजारी धावायचो, कुकडीच्या कालव्याने पार त्या रेडिओ दुर्बिणींच्या भल्यामोठ्या तबकड्यांपर्यंत. मी मुद्दाम थोडी पुढे राहायचे. बैलांना पळवायची मला सवय होती, त्याला पळवणं अवघड नव्हतं.

तो मैदानी परीक्षेला बसला, लेखी दिली, तोंडी दिली आणि यादीत त्याचं नाव आलं. गेणभाऊंनी आळीभर पेढे वाटले. एक माझ्याही तोंडात घातला, कागदासकट. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे पोराच्या नावावर काही गुन्हा नाही ना, एवढं गावाकडच्या ठाण्याने कळवायचं की झालं.

तेवढ्यात अवसरीची यात्रा आली. तिथल्या कुशाबांच्या गाड्यापुढे मला पळवायचं असा शब्द गेणभाऊंनी फार आधी दिला होता. साळुबाई म्हणाली, नेमणुकीचा हुकूम हातात येईस्तोवर पोराला घाटात नेऊ नका. पण दिलेला शब्द मोडला तर घाटात तोंड कसं दाखवायचं, हा गेणभाऊंचा सवाल. या भागातली माणसं पोटाला चिमटा घेतील, पण बारीचा शब्द मोडणार नाहीत. सयाजी म्हणाला, एकच बारी आहे, जाऊन येतो.

कुशाबा म्हणजे तात्या. करारी माणूस, सगळा गाव त्यांना टरकून असायचा, त्यांचा एकुलता एक मुलगा आदेश सगळ्यात जास्त. बारी सुटायच्या आधी आदेश पुढचे बैल धरून माझ्या अगदी मागे उभा होता. त्याच्या तोंडाला गुटख्याचा वेलचीसारखा वास येत होता आणि उजवी मूठ मिटलेली होती. त्या मुठीत दाभण होतं, कांद्याच्या पिशव्या शिवायचं.

बैलाला टोचलं की तो पुढे उसळतो. घाटात चोरून हे चालतं, मी पुष्कळदा पाहिलंय. जन्मभर बैलांत वाढलेल्या पोराला वाटलं, घोडीही तशीच. घोडी तशी नसते. झेंडा पडला, दाभण माझ्या पुठ्ठ्यात गेलं आणि मी पुढे न जाता बाजूला उडी घेतली. बैलांना शिकवलेलं एकच, माझ्यामागे यायचं. तेही वळले आणि गाडा कलंडत कडेला गेला. कडेला तात्या उभे होते. चाक त्यांच्या गुडघ्यावरून गेलं.

माणसं धावली. तात्या विव्हळत होते आणि आदेश पांढराफटक पडला होता. बापाने विचारलं, काय झालं. आदेशने माझ्याकडे पाहिलं, मग सयाजीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सयाजीनं लगाम वढला, तात्या. म्या बघितलं."

एवढंच बोलला. मी तिथेच उभी होते, माझ्या मांडीवरून रक्ताचा ओघळ खुरापर्यंत आला होता. साळुबाईने घरी हळद भरली आणि ज्याला त्याला सांगितलं की हिला कोणीतरी टोचलंय. लोक म्हणाले, बाभळीचा काटा असेल. तात्यांनी दवाखान्यातून फिर्याद दिली. निष्काळजीपणाने घोडी पळवून दुखापत केली म्हणून सयाजीवर गुन्हा नोंदवला गेला. ठाण्याने तसं पुण्याला कळवलं. पुण्याहून हुकूम आलाच नाही.

त्या दिवसापासून मला दुसरा विचार सुचला नाही. दाव्याला बांधलं की ते दावं म्हणजे त्याचं मनगट समजून मी चावत बसायचे. गेणभाऊंना वाटायचं माझ्या पोटात जंत झालेत. मला औषध पाजलं जायचं. वेलचीचा वास वाऱ्यावर कुठूनही आला की माझे कान मागे जायचे. बाजारात पानाच्या टपरीशी मी दोन परक्या माणसांना उगाच लाथा घातल्या, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

गेणभाऊंनी घाट सोडला. जुन्नरच्या शाहनवाजभाईंच्या बँडबरोबर मी नवरदेवांना मिरवू लागले. लगाम धरायला सयाजी. शाहनवाजभाई भला माणूस, पण बँडचा पोशाख सयाजीलाही घालावाच लागे, लाल कोट आणि त्यावर पितळी बटणं. पहिल्यांदा तो कोट घालून तो गोठ्यात आला तेव्हा माझ्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ उभा राहिला. मी हलले नाही. मनात म्हणाले, देईन रे, याचं उट्टं काढून देईन.

खटल्याच्या तारखा पडत राहिल्या आणि सयाजीचं वय सरत चाललं. वयात बसणारी एकच भरती आता उरली होती. एकदा तो आदेशला जाऊन भेटला. खरं काय ते सांग, एवढंच म्हणाला. आदेशने कोर्टात बघू म्हणून त्याला वाटेला लावलं. बापाच्या कुबडीच्या आवाजाने दचकणारा माणूस, तो कसला सांगतो.

आणि एक दिवस तात्या स्वतः शाहनवाजभाईंकडे आले. आदेशचं लग्न ठरलं होतं. म्हणाले, "घोडी पाखरीच पायजे. आन लगाम सयाजीच्याच हातात. ज्यानं मला लंगडा केला त्यानं माझ्या पोराची घोडी वढत न्यावी." शाहनवाजभाईंनी सयाजीला सांगितलं, तू येऊ नको, मी दुसरी घोडी लावतो. सयाजी म्हणाला, जाऊ की. मला तर कोणी विचारलंच नाही, पण मला विचारलं असतं तर मी नाचले असते.

लग्न दिवसा होतं. नवरदेव घोडीवरून मारुतीच्या पाया पडायला जातो आणि मग मांडवात येतो, अशी रीत. मांडवापुढे मोकळं रान होतं, त्याच्या कडेला निवडुंगाचं कुंपण. आदेश माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पावलांतच भीती होती. तोंडावर मुंडावळ्या, उजव्या हातात लिंबू खोचलेली कट्यार. इकडे नवरदेवाच्या हातात ती असतेच, नजर लागू नये म्हणून. पुन्हा तीच मूठ, पुन्हा तिच्यात टोकदार काहीतरी. तो चढला, ढोलताशा सुरू झाला, बार उडाला. तो घसरला आणि सावरायला त्याने हात मागे टेकला. लिंबू गळून पडलं आणि कट्यारीचं टोक माझ्या पुठ्ठ्याला लागलं.

खरं सांगू का, फारसं लागलं नाही. पण मी बहाण्याची वाटच बघत होते.

सयाजीच्या हातातला लगाम सुटला आणि मी रानात शिरले. मांडवापुढच्या त्या रानाला मी गोल फेरे घालू लागले. आदेश माझ्या आयाळीला मिठी मारून पडला होता. कट्यार कुठे गेली कोण जाणे, मुंडावळ्या त्याच्या तोंडात गेल्या होत्या. चारपाच जण अडवायला आले, त्यांना मी दात दाखवले. फेऱ्यागणिक मी निवडुंगाकडे सरकत होते. त्याला फेकायची जागा मी कधीच हेरून ठेवली होती, जिथे फड्या सगळ्यात दाट होत्या तिथे.

सयाजी रानाच्या मधोमध येऊन उभा राहिला. हात खाली.

"हात वर कर सयाजी," आदेश ओरडला. आमच्या हाताची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. "पाया पडतो तुज्या, हात वर कर."

सयाजी शांतपणे म्हणाला, "करतो. आदी सांग, त्या दिशी हिला काय केलं व्हतं?"

"काय न्हाई केलं."

मी आणखी एक फेरा मारला, निवडुंग त्याच्या जरीच्या बाहीला लागेल इतक्या जवळून. बाही फाटली आणि आदेशचा धीरही सुटला.

"दाभण टोचलं व्हतं म्या," तो रडत म्हणाला.

शाहनवाजभाईंनी हात केला आणि बँड बंद पडला. रानात फक्त माझ्या टापा वाजत होत्या. सयाजी म्हणाला, "मोठ्यानं सांग. तात्यांला ऐकू गेलं न्हाई."

"तात्या, दाभण म्या टोचलं. सयाजीनं काय न्हाई केलं. तुमच्या भीतीनं बोललो न्हाई."

मग सयाजीने हात वर केला.

मी थांबले. निवडुंग चार पावलांवर होता. एवढी वर्षं जे घोकलं ते चार पावलांवर उभं होतं, आणि माझे चारी पाय त्या हातापुढे रुतून बसले. सयाजीचा मला त्या वेळी जितका राग आला तितका आदेशचाही कधी आला नव्हता.

तात्या कुबडी टेकत आले. मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या मागे येऊन त्यांनी पुठ्ठ्यावरच्या डागावर बोट फिरवलं. मग सयाजीला म्हणाले, "पोरा, तारीख कवा हाय?"

लग्न लागलं. नवरदेव मांडवात पायी गेला. पुढच्या तारखेला तात्या कोर्टात उभे राहिले आणि स्वतःच्या मुलाचं नाव घेऊन खरं काय ते सांगितलं. सयाजी खटल्यातून सुटला. त्याने शेवटच्या भरतीला पुन्हा अर्ज केला, पुन्हा छाती फुगवली, पुन्हा धावला. या वेळी हुकूम आला. साळुबाईने तो लाल कोट शाहनवाजभाईंना धुऊन परत दिला.

माझं काय झालं विचारता? नवरदेव पळवणारी घोडी म्हणून माझं नाव झालं आणि मला पुन्हा कोणी वरातीला बोलावलं नाही. आता दात पडलेत, डोळ्यांना कमी दिसतं. दिवसभर मी गोठ्याबाहेर उभी असते. समोर त्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून असतात. फार लांबचं काही त्यांना ऐकू येतं म्हणे. सयाजी रजेवर येतो तेव्हा खाकी कपड्यांतच आधी माझ्याकडे येतो, मला गूळ देतो आणि गंमत म्हणून हात वर करतो. मी चघळायची थांबते. साळुबाई हसते.

आदेश अधूनमधून नारायणगावच्या बाजारातून या रस्त्याने जातो. आता त्याचं पोट सुटलंय, बरोबर लेकरू असतं. मी दिसले की तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालतो आणि लेकराचा हात घट्ट धरतो. लेकराशी माझं वैर नाही. पण वाऱ्यावर तो वेलचीचा वास आला की या म्हाताऱ्या कानांना अजून मागे जायचं बरोबर कळतं.

सयाजी, तुझी खाकी तुला मिळाली. तात्यांना खरं कळलं. सगळ्यांचं सगळं फिटलं, माझी चार पावलं तेवढी राहिली. मला आता पेंड नको, गूळ नको. एकदाच कधीतरी तो रस्त्याने जात असताना माझं दावं सोड, आणि हात खाली ठेव.